जलवीराचा ढिला पोशाख

एकोडीच्या तेजराम टेलरला एक खोड होती. माणूस समोर आला की तो आधी त्याचा चेहरा बघत नसे, खांदे बघे. तुम्ही रामराम म्हणायच्या आत त्यानं तुमची छाती, कंबर आणि बाहीची लांबी डोळ्यांनीच मोजून डोक्यात ठेवून दिलेली असे. लग्नात नवरदेव मांडवात उभा राहिला की बाकीचे लोक अक्षता टाकत आणि तेजराम शेजाऱ्याच्या कानाशी लागे, "डावा खांदा उतरता हाय त्याचा. कोटवाल्यानं आतून पॅड नाही टाकलं." नवरी कशी दिसत होती, हे त्याला घरी आल्यावर सुलोचनाबाई, म्हणजे त्याची बायको, सांगे.

घरची थोडी धानाची शेती होती. सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, शिलाई मशीन होतं. वर्षभर तो शाळेचे गणवेश आणि बायांचे ब्लाउज शिवायचा आणि दोन्हींवर सारखाच करवादायचा. त्याचा जीव रमायचा तो मंडईत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरून जातात आणि भरदुपारी गावाच्या चौकात दंडार उभी राहते. नाच, गाणं, सोंगं, सगळं त्यात आलं. एकोडीच्या दंडारीचे पोशाख गेली पंचवीस वर्षं तेजरामच्या हातचे. त्याचा नियम साधा होता. सगळ्यांत मागं बसलेल्या, मोतीबिंदू झालेल्या म्हातारीलासुद्धा कळलं पाहिजे की राजा कोण आणि चोर कोण. त्यामुळं त्याचा राजा इतका लाल असायचा की बैल बिथरत.

गेल्या साली मात्र एकोडीत दंडार झाली नाही. ती का झाली नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि तेजरामसमोर बोलायची कोणाची टाप नव्हती.

झालं असं होतं की धान निसवायला आला आणि पावसानं पाठ फिरवली. शेतकरी म्हणाले, गावच्या तलावाचं पाणी सोडा. तलावात मासेमारांनी नुकतंच मासोळ्यांचं बीज टाकलेलं. ग्रामसभेत शेतकऱ्यांच्या बाजूनं उठला तेजराम आणि मासेमारांच्या बाजूनं मनिराम. दोघं बालपणापासूनचे दोस्त. दंडारीतला राजा मनिराम आणि राजाचे कपडे तेजरामचे, असा पंचवीस वर्षांचा संसार. मनिरामचा आवाज असा की तलावाच्या पाळीवरून त्यानं तान घेतली की पलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी करणारी बाई मान वर करून बघे.

"मासोऱ्या पुढच्या साली होतीन," तेजराम सभेत म्हणाला, "धान या सालचा हाय."

"कपडा फाटला तं तू दुसरा शिवतं," मनिराम म्हणाला. "तलाव शिवून दाखव."

लोक हसले. तेजरामला ते हसणं झोंबलं. पाणी सुटलं, धान वाचला, बीज गेलं, आणि मनिरामला ते पाणी झोंबलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मनिराम समोरून येताना दिसला की तेजराम मान वर करून आभाळाकडे बघत चाले, जणू पावसाचा अंदाज घ्यायचं सरकारी काम त्याच्याकडे आलंय. एकदा असाच बघत चालताना तो शेणाच्या ढिगात गेला. चप्पल धुताना सुलोचनाबाईकडं त्यानं तक्रार केली ती गावातल्या गुरांची.

एक वर्ष असं गेलं. तेजरामला मनिरामची आठवण येत होती, फार येत होती, पण ती कबूल करण्यापेक्षा त्यानं आणखी शेण तुडवलं असतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्याची नात टीना साकोलीच्या कॉलेजातून घरी आली आणि तिनं मोबाईल मशीनच्या पाट्यावर टेकवून आजोबांना एक सिनेमा दाखवला. पाच-सात महावीर एकत्र येतात आणि जग वाचवतात, असा. तेजरामनं सुरुवातीपासूनच परीक्षकाची खुर्ची घेतली.

"अंधारात काहून काढला हा पिच्चर? यायच्याकडे लाईट गेली काय?"

"तसाच लूक असते आबाजी. सिरियस असते ना ते."

"अवो, पर एवढा चांगला निळा कपडा घेतला न् त्याच्यावर राखुंडी फासली. मांगच्या म्हातारीले काय दिसंल?"

मग तो पोशाखांकडं वळला. अंगाला इतके घट्ट कपडे, पण कुठं गुंडी नाही, चेन नाही, नाडी नाही. तेजराम मोबाईलच्या अगदी जवळ गेला. "लघवीले जायचं असलं तं हा गडी काय करत असंल? पुरा सदराच उतरवा लागंल याले." टीनानं तोंडात ओढणी कोंबली. छातीवरच्या निशाण्या मात्र त्याला पसंत पडल्या. दुकानाची पाटी छातीवरच लावली की गिऱ्हाईक चुकत नाही, असं त्याचं मत पडलं. पाठीवरच्या लांब उपरण्याबद्दल तो म्हणाला की हा माणूस धानाच्या चुरण्यात, म्हणजे मळणीत, गेला तर मशीनमध्ये अडकून मरेल, जग बाजूला राहील.

टीनानं त्याला टोळीची रीत समजावून सांगितली. एक पुढारी असतो, तो सरळमार्गी आणि थोडा कंटाळवाणा. एक दांडगा, त्याला अक्कल कमी. एक सतत विनोद करणारा. एक पोरगी, जी सगळ्यांत चांगली लढते आणि पोस्टरवर कोपऱ्यात असते. आणि एक रुसलेला असतो. तो नेहमी कुठल्या तरी उंच इमारतीच्या टोकावर एकटाच उभा राहून लांब बघतो.

"वर जाऊन काय पाहून राहिला तो?"

"काई नाही. रागावला हाय दोस्तावर."

"मंग घरी जाऊन झोपावं ना. असं आभाळ पाहत उभं राहून राग जाते काय?"

सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवून नवऱ्याकडं नीट पाहिलं आणि पुन्हा उचललं. तेजरामला काही कळलं नाही.

लढाई ऐन रंगात आली आणि दोन महावीर मध्येच थांबून एकमेकांना मनातलं सांगू लागले. तुझं माझ्यावाचून, माझं तुझ्यावाचून. राक्षस बिचारा मागं उभा. तेजरामचा संताप झाला. "तो दुश्मन काहून थांबून राहिला? हाण ना एक याच्या टाळक्यात! एवढं बोलाचं होतं तं घरून बोलून याव ना!"

आणि मग तो प्रसंग आला. सगळे महावीर पाठीला पाठ लावून गोल उभे राहिले आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरला.  तेजरामनं हातातला चहा खाली ठेवला.

"हे पुन्हा दाखव."

टीनानं दाखवलं.

"एकमेकाचं तोंड पाहून नाही राहिले," तो हळूच म्हणाला, "तरी सोबत हायेत." त्यानं मशीनचं चाक हातानं उगाच एक फेरा फिरवलं. मग म्हणाला, "असं असलं तं आपली बी दंडार होऊ शकते."

टीना हुशार पोरगी. ती त्याच संध्याकाळी मनिरामच्या घरी गेली. मनिरामची नात खुशी तिची मैत्रीण. दोघींनी मिळून गोष्ट रचली. एक राक्षस तलावाचं सगळं पाणी पिऊन टाकतो आणि पाच महावीर ते परत आणतात. पुढारी झाला पंचायतीचा मेंबर मनिष, कारण मांडव आणि लाऊडस्पीकर त्याच्याकडून होता, आणि सरळमार्गी व कंटाळवाणा हे दोन्ही त्याला न शिकवता जमत होतं. लढणारी खुशी. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं की ती कोपऱ्यात उभी राहणार नाही. दांडगा आणि विनोद करणारा म्हणून गावातली दोन पोरं मिळाली. राक्षस म्हणजे ट्रॅक्टर चालवणारा भूपेश, देहानं तयारच. आणि पाण्याचा महावीर, जलवीर, दुसरा कोण होणार? गाणारा गळा गावात एकच होता.

मनिराम तयार झाला, पण एका अटीवर. "तालमीले येतो. पर त्याच्या मशीनजवळ माप द्यायले नाही येत."

हे तेजरामच्या कानावर आलं तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "मापाची गरज कोनाले हाय? मनिरामचं माप मले पाठ हाय. झोपेत कापीन."

"एकदा पाहून तं घ्या," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"पंचवीस साल पाह्यलं. पाह्याचं काय उरलं त्यात?"

मग तेजरामनं साकोलीहून कापड आणलं. राखाडी नाही, काळं नाही. पुढाऱ्याला झेंडूचा पिवळा, खुशीला कुंकवाचा लाल, जलवीराला मोरपंखी निळा. टीना म्हणाली, आबाजी, सिनेमात इतके भडक रंग आता चालत नाहीत. तेजराम म्हणाला, दंडार दुपारी बारानंतर आहे, सूर्य डोक्यावर आहे, तुझा अंधार मी कुठून आणू?  दंडांचे आणि छातीचे फुगीर स्नायू त्यानं जुन्या गादीतला कापूस भरून शिवले. जलवीराला सगळ्यांपेक्षा जास्त कापूस लागला. का लागला, असं विचारलं असतं तर त्यानं ते कापडाच्या माथी मारलं असतं. निळ्या छातीवर त्यानं चमकीची एक मासोळी काढली. तिचे खवले एकेक करून हातानं टाचले आणि टाचताना तो चक्क गुणगुणत होता. मनिरामचंच जुनं गाणं.

तालमी शाळेत होत, तेजराम तिकडं फिरकला नाही. पोशाख खुशीच्या हाती गेला. मनिरामनं तो घालून बघितला नाही, पिशवीतच ठेवला. त्याचीही ऐट काही कमी नव्हती.

मंडईचा दिवस उजाडला. चौकात जिलेबीची दुकानं लागली, पाहुणे आले, पोरांनी पिपाण्या फुंकून कान किटवले. मांडवाच्या आढ्याला मध्यभागी एक माईक टांगलेला होता. खाली जो बोलेल त्याचा आवाज साऱ्या मंडईला ऐकू जावा, अशी योजना. बाजूला निवेदक ताराचंद दुसरा माईक घेऊन बसला. आमच्या दंडारीची एक रीत आहे. कोणाला काम आवडलं की तो बक्षीस देतो, आणि बक्षीस आलं की खेळ तिथल्या तिथं थांबतो. राजा मरत असला तरी तो मरायचा थांबतो. देणाऱ्याचं नाव, गाव, त्याच्या जावयाचं नाव पुकारून झाल्यावर मग राजा पुन्हा मरतो.

तेजराम सुईदोऱ्याची डबी आणि गळ्यात फीत घेऊन पडद्याच्या बाजूला उभा होता. एकेक महावीर येऊ लागला. मनिषचा पिवळा रंग उन्हात असा पेटला की मागच्या म्हाताऱ्या डोळ्यांवर हात धरू लागल्या. खुशीनं आल्या आल्या मधली जागा पकडली आणि मनिषला कोपरानं बाजूला सारलं, त्याला टाळ्या पडल्या. शेवटी ढोलकी वाजली आणि जलवीर तान घेतच आला. तेजरामनं सवयीनं मान वर केली आणि मांडवाचं कापड बघत राहिला. गळा तोच होता. त्याला बरं वाटलं.

राक्षसानं पाणी पिऊन टाकलं. महावीर भांडले, मग एक झाले. आता गोल उभं राहायचं होतं. कॅमेरा नव्हता, त्यामुळं टीनानं ठरवलं होतं की कॅमेरा फिरत नाही तर माणसं फिरतील. पाचही जण पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि रहाटासारखे फिरू लागले. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला लोकांत खुसखुस झाली. तिसऱ्याला हास्याचा असा लोट उठला की जिलेबीवाला झारा घेऊन बघायला आला.

तेजरामनं खाली पाहिलं.

जलवीराची छाती पोटावर उतरली होती. दंडाचे गोळे कोपरापर्यंत घसरले होते. खांद्याची शिवण दंडावर लोंबत होती, चमकीची मासोळी बेंबीशी पोहोचली होती, आणि जलवीर एका हातानं कंबर धरून दुसऱ्या हातानं जग वाचवत होता. त्या ढगळ निळ्या कापडातून एक बारीक मान वर आली होती आणि गळ्याची हाडं दिसत होती.

लोक हसत होते. तेजरामला हसू आलं नाही.  माणूस बघताक्षणी मोजणाऱ्या या टेलरनं अख्खं वर्ष याला बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात ताराचंदकडं कोणाचं तरी बक्षीस आलं आणि त्यानं माईक उचलला. खेळ थांबला. महावीर जागच्या जागी उभे राहिले. ताराचंद नावं पुकारत होता तेव्हा तेजराम पडदा सारून सरळ स्टेजवर गेला.

"हात वर कर."

मनिरामनं आता मान वर करून आभाळाकडं बघितलं. पण हात वर केले. तेजरामनं छातीभोवती फीत फिरवली. पाठ असलेल्या आकड्यापर्यंत ती पोहोचलीच नाही, चांगली वीतभर अलीकडंच थांबली.

"एवढा कसा वारला तू?" म्हणजे वाळला कसा, असं तो विचारत होता.

"कावीळ झाली होती उन्हाऱ्यात. दोन महिने चिखल्याले होतो, पोराकडे."

"मले कोनी सांगतलं नाही."

"साऱ्या गावाले ठाऊक हाय. तू आभाळ पाहत जात होता."

वर टांगलेला माईक त्याचं काम चोख करत होता. ताराचंद बोलायचा थांबला. मंडई थांबली.

तेजरामनं सुईत दोरा ओवला. अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात. शिवावाच लागला तर घालणाऱ्यानं दोऱ्याचा तुकडा दातांत धरून गप्प राहायचं, बोलायचं नाही. तेजरामनं तुकडा तोडून मनिरामच्या तोंडाशी नेला. मनिरामनं तो दातांत धरला. समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही हे पक्कं झाल्यावर तेजरामला कंठ फुटला.

"धान वाचला माह्या," तो खांद्याची शिवण आत घेत म्हणाला. "घरी आनला. तुह्या मासोऱ्या गेल्या, हे मले रोज जेवताना दिसत होतं. यावं वाटत होतं तुह्याकडे. मंग वाटे, तू काय म्हनशीन. मंग शिवन मारत बसो." त्यानं एक टाका घातला. "तू तिकडे बिमार पडला होता न् मी ढगं पाहत होतो. असा कसा रे मी?"

मनिराम दातांत दोरा धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि जलवीराला ते शोभून दिसलं. पुढच्या रांगेत त्याची बायको बायाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. तिच्या शेजारी सुलोचनाबाई. त्या दोघी वर्षभर रोज एकत्र पाण्याला जात होत्या, हे त्यांच्या नवऱ्यांना अजून माहीत नव्हतं.

राक्षस केव्हापासून गदा उगारून उभा होता. त्याचा हात दुखायला लागला.

"काकाजी," भूपेशनं हळूच विचारलं, "मी बसू काय जरा?"

"बस ना," तेजराम म्हणाला. "दिसून नाही राहिलं काय, आमी बोलून राहिलो?"

टीना पडद्याआड मटकन खाली बसली. हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच कळेना.

तेजरामनं कंबर आत घेतली, कापसाचे गोळे वर सारले, मासोळी तिच्या जागी आणली. शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला आणि मनिरामच्या तोंडातला तुकडा काढून घेतला. आता मनिराम बोलणार होता. तेजरामनं सुई डबीत ठेवली.

मनिरामनं खाली मान घालून आपली नवी छाती बघितली. शिवणीच्या आत बोटं घालून चाचपली.

"आत कपडा जास्तीचा राह्यला."

"कापला नाही म्या. दाबून ठेवला हाय," तेजराम म्हणाला. "अंगात भरला की उसवून देतो."

"म्हनजे तुह्या मशीनजवळ यावं लागंल."

"मंग? दुसरा टेलर हाय काय गावात?"

मनिरामनं नाक पुसलं, निळ्या बाहीला. तेजरामला ते दिसलं. पंचवीस वर्षांत त्याच्या पोशाखाला कोणी नाक पुसलेलं त्यानं पहिल्यांदाच चालवून घेतलं.

"दोघायनं बसू तवा," मनिराम म्हणाला. "पुढच्या साली पानी कधी सोडाचं, थे बी बोलू. आधी. सभेच्या आधी." मग तो मनिषकडं वळला. "चाला. फिरा पुन्हा."

पाचही जण पुन्हा पाठीला पाठ लावून उभे राहिले. तेजराम स्टेजवरून उतरायला निघाला, तेव्हा मनिरामनं त्याचा हात धरून त्याला गोलात ओढलं. फीत गळ्यात, डबी हातात, मळकं धोतर. सहावा महावीर. त्याच्या छातीवर निशाणी नव्हती आणि अंगात घट्ट असं काहीच नव्हतं. ढोलकी सुरू झाली, भूपेश कंबर धरत उठला आणि गदा उगारली. गोल फिरू लागला, आणि तेजराम सगळा फेरा मान मागं वळवून मनिरामकडंच बघत फिरला. त्यामुळं खुशीच्या पायावर त्याचा पाय दोनदा पडला, आणि ती साऱ्या मंडईला ऐकू जाईल अशी ओरडली, "आबाजी, समोर पाहा ना!"